बीड आधी रंध्याला, सॉला नंतर

पत्र:
दादा, मी ऐरोलीला राहते. रो हाऊस आहे, तळमजल्यावरची पुढची खोली रिकामी करून तिथे लाकडाचं काम करते, आतापर्यंत हातरंधा आणि हातातला सर्क्युलर सॉ यावरच भागवलं. आता मशीनं घ्यायचीत. ॲल्युमिनियम टॉपचा छोटा टेबल सॉ पाहिलाय, डीलरकडे कास्ट आयर्न म्हणजे बिडाचा टॉपवालाही आहे, त्याचा टॉप अगदी आरशासारखा चमकतो. आणि रबाळ्याला एक पॅटर्न शॉप बंद होतंय, तिथे जुना सरफेस प्लॅनर आहे (रंधा मशीन, मधे फिरणारा कटर आणि दोन बाजूंना दोन टेबलं), दोन्ही टेबलं मिळून लांबी दीड मीटरच्या आसपास, वर गंज आणि मशीनिंगच्या रेघा दिसतात, भंगारापेक्षा थोडेच जास्त पैसे मागतायत. ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो बीड घेऊ नका, खाडीच्या हवेत सडेल, मी एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचं टेबल बनवून देतो. आणि घरून सल्ला असा की ओट्याचा ग्रॅनाइट उरलाय तोच लावून टाक. बजेट असं आहे की बिडाची एकच वस्तू बसेल. काय घेऊ?

उत्तर:
ताई, उगाच घोळवत नाही, रबाळ्याचा प्लॅनर घ्या. म्हणजे खाली सांगतोय ती तपासणी त्याने पास केली तर. आणि सॉ तो ॲल्युमिनियमचाच घ्या, डीलरकडचा चमकणारा राहू दे.

हे ऐकून बरेच जण माझ्यावर उखडतील कारण आपल्याकडे सगळ्यांना बीड पहिलं टेबल सॉलाच हवं असतं, खोलीत मधोमध उभा असतो ना तो, आल्यागेल्याला दिसतो. पण टेबल सॉवर काम कसं होतं बघा, लाकडाला सरळ नेते ती फेन्स आणि कापते ती ब्लेड, टेबल फक्त खालून आधार देतं. टेबलात कुठे पाव मिलीमीटर खड्डा असला तरी प्लायच्या कापावर तो दिसत नाही, आणि अचूक क्रॉसकट हवा असेल तर तुम्ही तसाही स्लेड (टेबलावर सरकणारा प्लायचा पाट) बनवणार, म्हणजे लाकूड सॉच्या टेबलावर बसतच नाही, स्लेडच्या प्लायवर बसतं. प्लॅनरचं मात्र उलटं आहे. तिथे टेबल जसं असेल तशीच फळी निघते. दोन्ही टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलेली असतील तर फळीची कड मधे खोलगट होणार, टोकं वर असतील तर मधे फुगीर होणार, आणि टेबलाला पीळ असेल तर प्रत्येक फळीला पीळ येणार, मग तुम्ही कितीही चांगला हात चालवा. टेबलटॉप जोडायला घेतला की सहा फळ्यांमधली ही चूक सहा वेळा जोडली जाते आणि क्लॅम्प आवळून आवळून हात दुखतात. म्हणून एकच बीड परवडत असेल तर ते प्लॅनरला.

आता बीडच का, तर नुसतं जड म्हणून नाही. ग्रे कास्ट आयर्नमध्ये अडीच ते चार टक्के कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो. मशीनची थरथर हे पापुद्रे गिळतात, पोलादात तसं होत नाही, तिथे थरथर खणखणत पुढे जाते. वर मशीनिंगही छान होतं, चुंबक चिकटतो (लाकूड दाबून धरणारा फेदरबोर्ड लावायला हे फार सोयीचं), आणि घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ अडीचपट, त्यामुळे लांब फळी ढकलली तरी मशीन जागचं हलत नाही. पण तेच पापुद्रे त्याला ठिसूळही करतात, पोलाद वाकेल तिथे बीड सरळ तडकतं. हे वाहतुकीच्या वेळी लक्षात ठेवायचं, त्यावर पुढे येतोच.

कोणी डीलर ‘एफजी २००’, ‘एफजी २६०’ असं सांगत असेल तर ते आयएस २१० मधले ग्रेड आहेत, आकडा म्हणजे किमान ताणशक्ती मेगापास्कलमध्ये. छंदाच्या मशीनला एफजी २०० सुद्धा भरपूर झालं. ग्रेडपेक्षा महत्त्वाचं हे की ओतल्यावर त्या कास्टिंगला निवांत होऊ दिलं की नाही. साच्यात बीड थंड होताना पातळ भाग आधी आणि जाड भाग नंतर आवळतो, त्यामुळे आत ताण अडकून राहतात, वरचा थर मशीनिंगने काढला की ते ताण मोकळे व्हायला लागतात आणि टेबल हळूहळू हलतं, म्हणजे वाकडं होतं. चांगले कारखानदार रफ मशीनिंग करून, मग ५०० ते ६०० डिग्रीला तापवून सावकाश थंड करतात आणि नंतरच शेवटचा कट घेतात, पूर्वी तर कास्टिंग महिनोन्‌महिने उघड्यावर नुसती पडू द्यायचे. घाईत बनवलेलं नवंकोरं टेबल शोरूममध्ये सपाट असतं आणि पुढच्या गणपतीपर्यंत नसतं. जुन्या मशीनचा हा एक मोठा फायदा, त्याला जे हलायचं होतं ते कधीच हलून झालंय, आज जे माप येईल तेच पुढेही राहील.

शिवाय पॅटर्न शॉपचं मशीन. कास्टिंगसाठी लाकडी पॅटर्न बनवणारी ही मंडळी मापाला फार पक्की असतात, ग्रे आयर्न थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलीमीटर आवळतं म्हणून त्यांच्याकडे मुद्दाम तेवढी मोठी आखलेली पट्टी असते, तिच्यावरून पॅटर्न बनतो. असल्या माणसांनी वाकडा प्लॅनर वर्षानुवर्षं खपवून घेतला असेल असं वाटत नाही. (अर्थात शेवटची काही वर्षं तो कोणाच्या हातात होता ते विचारून घ्या.)

रेघांना घाबरू नका. त्या मिलिंग किंवा प्लेनिंग कटरच्या खुणा आहेत, नखाला किंचित लागतात, एवढंच. लाकूड अशा पृष्ठावरून उलट छान सरकतं, मेणही त्या रेघांमध्ये धरून राहतं. आरशासारखी चमक म्हणजे सपाटपणा नव्हे, ती नुसत्या बफिंगने येते, आणि बफिंग करताना कडा आणि मधला भाग सारखाच घासला गेला याची काही गॅरंटी नाही. सरफेस ग्राइंडरवर व्यवस्थित ग्राइंड केलेलं टेबल खरंच सुंदर असतं, नाही म्हणत नाही, पण ते ओळखायचं पट्टीने, डोळ्यांनी नव्हे. डीलरकडच्या त्या सॉचे बाजूचे पंखही खालून बघितलेत का? पुष्कळदा मधलं टेबल तेवढं बिडाचं आणि दोन्ही बाजूंना पत्रा दाबून केलेले पंख असतात, वरून एकाच रंगात. दाखवायला बीड, वापरायला पत्रा.

तर तपासणी. एक चांगली स्ट्रेट एज लागेल, निदान दोन फुटी, तीन फुटी मिळाली तर उत्तम, आणि एक फिलर गेजचा सेट (फट मोजायच्या, ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या). नागदेवी स्ट्रीटला दोन्ही मिळतं. मापाच्या हत्यारांचं दुकान गाठा, हार्डवेअरवाल्याची स्टीलची फूटपट्टी नको, आणि खिडकीवाल्याचं ॲल्युमिनियम सेक्शन तर अजिबात नको. पट्टी खरी आहे का ते आधी घरी बघा, प्लायवर धारदार सुरीने तिच्या कडेने रेघ मारा, पट्टी आरशातल्यासारखी उलटी पलटा, त्याच कडेने परत रेघ मारा, दोन रेघांमध्ये पोट दिसलं तर पट्टीच वाकडी.

रबाळ्याला गेलात की आधी टेबल साफ करा. रॉकेल किंवा डिझेल, दाढीचं पातं आडवं धरून खरवडणं, मग ठोकळ्यावर गुंडाळलेला चारशेचा पॉलिशपेपर. ग्राइंडर किंवा फ्लॅप डिस्क कोणी काढली तर तिथल्या तिथे थांबवा, एका जागी दोन मिनिटं फिरली की कायमचा खड्डा. वरवरचा तांबूस गंज सगळा निघतो, मागे काळसर डाग राहतील, ते दिसायला वाईट, बाकी काही नाही. नखाला लागतील असे खोल खड्डे कटरच्या अगदी जवळ, बाहेरच्या (कापून झाल्यावर फळी जाते त्या) टेबलाच्या ओठावर असतील तर मात्र विचार करा.

मग प्रत्येक टेबलावर पट्टी लांबीत ठेवा, रुंदीत ठेवा, आणि दोन्ही कर्णांवर ठेवा. कर्ण विसरू नका, पीळ तिथेच सापडतो. मागून मोबाईलचा टॉर्च मारा, प्रकाश दिसला की तिथे फिलर घाला. साधा झेरॉक्सचा कागद ०.१ मिलीमीटर जाडीचा असतो, तो जर पट्टीखालून सहज सरकत असेल तर लिहून घ्या कुठे आणि किती. एका टेबलात लांबीला ०.१ पर्यंत मी चालवून घेईन, कर्णात त्याहून कमीच हवं. सॉच्या टेबलाला म्हणाल तर ०.२५ पर्यंत डोळे झाकून हो म्हणा.

त्यानंतर खरी परीक्षा, दोन्ही टेबलं एकमेकांना समांतर आहेत का. आत येणारं (कटरच्या आधीचं) टेबल वर उचलून बाहेरच्या टेबलाच्या पातळीला आणा, कटर ब्लॉक (पाती बसवलेला फिरणारा दांडा) हाताने असा फिरवा की पाती मधे येणार नाहीत, पट्टी बाहेरच्या टेबलावर घट्ट दाबून धरा आणि तिचं पुढचं टोक आतल्या टेबलावर लांबवर जाऊ द्या. डाव्या कडेला, मधे, उजव्या कडेला. तीनही ठिकाणी फट सारखीच असेल तर टेबल नुसतं वरखाली करून जमतं. टोकाकडे फट वाढत जात असेल तर टेबल झुकलंय, बहुतेक वेळा उतरत्या स्लाइडमध्ये झीज असते किंवा गिबचे (स्लाइड घट्ट धरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू सैल असतात. गिब आवळून बघा, तेवढ्याने सुधारलं तर नशीब. नाहीतर स्लाइडमध्ये पातळ पितळी शिम (पत्र्याची पट्टी) घालून टोक उचलता येतं, काम कटकटीचं आहे, एक रविवार जाईल, पण होतं. डाव्या कडेला एक आणि उजव्या कडेला दुसरंच माप आलं म्हणजे पीळ, तो शिमने काढणं जिवावर येतं. असं असेल तर भाव अजून पाडा किंवा सोडून द्या.

एखादं टेबल स्वतःच ०.३ किंवा ०.४ ने खोलगट निघालं तर वागळे इस्टेटमध्ये किंवा तिथेच रबाळे-महापेला जॉबवर्कवर ग्राइंडिंग करून देणारे आहेत. फक्त एक सांगून ठेवा की टेबल मॅग्नेटिक चकवर तसंच चिकटवायचं नाही, चुंबक वाकड्या टेबलाला ओढून सपाट करतो, ग्राइंडिंग होतं, चुंबक बंद केला की टेबल उडी मारून परत वाकडं. खालून आधी शिम देऊन मगच चालू करायचं. चांगला ऑपरेटर असेल तर त्याला हे सांगावं लागत नाही, तुम्ही सांगितलंत तर तो हसेल, हसू दे.

तडे. टेबलाच्या खालच्या रिब्ज, बोल्टच्या भोवतीचा भाग, बॉडीचे पाय जिथे जोडलेत ते कोपरे, सगळीकडे टॉर्च मारून बघा. एका जागी नवा जाड रंग आणि बाकी जुना असेल तर किल्लीच्या टोकाने तिथे खरवडा, खाली पुट्टी भरलेली सापडली की काय झाकलंय ते कळलंच. बिडाचं वेल्डिंग होतं, होत नाही असं नाही, पण आधी तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो, आणि तरी शेजारून परत तडकायची भीती राहते. टेबलाला वेल्डिंग असेल तर नकोच. बॉडीला बाहेरून एखादं जुनं ब्रेझिंग असेल तर चालवून घेता येईल.

आणि ताई, हे सपाटपणाशी संबंधित नाही पण याच्यावर सगळं अडतं: कटर ब्लॉक गोल आहे का चौकोनी ते बघा. आपल्याकडच्या फार जुन्या रंधा मशीनला चौकोनी ब्लॉक असतो, त्यात टेबलाच्या ओठाशी मोठी पोकळी राहते, बोट आत गेलं तर ओढलं जातं. चौकोनी असेल तर टेबल कितीही सोन्यासारखं असो, आहे तसं वापरायचं नाही, एकतर गोल ब्लॉक बनवून बसवायचा खर्च धरा नाहीतर तसेच घरी परत या. वरचा गार्ड तर बहुतेक हरवलेलाच असणार, तो नवा बनवून घ्यायचा, तो लावल्याशिवाय स्विच नाही. मोटरही कारखान्यातली म्हणजे थ्री फेज असेल, तुमच्याकडे सिंगल फेज, त्यामुळे दीड-दोन एचपीची सिंगल फेज मोटर किंवा व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारं उपकरण) हा खर्च भाव करतानाच मनात वजा करा. भावाचा तळ काय ते तुम्हाला माहीतच आहे, मशीनचं वजन गुणिले भंगाराचा दर, त्याच्या खाली ते देणार नाहीत, आणि त्याच्या फार वर तुम्ही जायचं नाही.

फॅब्रिकेटरचं काय करायचं. माणूस चांगला असेल, गेट उत्तम करत असेल, पण एमएस प्लेट बाजारातून येते तीच मुळात सपाट नसते, खाली अँगल वेल्ड केले की वेल्ड थंड होताना आवळतात आणि प्लेटला अजून ओढतात. वरून एक कट मारून देतो म्हणेल, एका बाजूचा थर काढला की प्लेट पुन्हा हलते. त्याच्याकडून सॉचा स्टँड करून घ्या, तो झकास करेल. ग्रॅनाइटचा तुकडा मात्र फेकू नका. त्याला आटे पाडता येत नाहीत, चुंबक लागत नाही, कडा टवके देतात, त्यामुळे मशीनच्या टेबलाला निरुपयोगी, पण पॉलिशपेपर चिकटवून पटाशी आणि रंध्याचं पातं घासायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. घरच्यांचा सल्ला वाया गेला नाही असं सांगता येईल.

आता गंज, कारण फॅब्रिकेटरची भीती खोटी नाही. ऐरोली म्हणजे खाडीला लागूनच, फ्लेमिंगो दारात आणि खारट दमट हवा घरात. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड गंजायला लागतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० च्या वरच बसून असते. पण बिडाचा तवा घरात वर्षानुवर्षं टिकतोच ना, कारण धुतल्यावर पुसून तेलाचा हात फिरवायची सवय असते, इथेही तसंच, फक्त तेलाऐवजी मेण. तेल लाकडात उतरतं आणि मग पॉलिश धरत नाही. पेस्ट वॅक्स घ्या, कार्नोबावालं मिळालं तर चांगलं, फरशीला लावायचं साधं मेणाचं पॉलिशही चालतं. गाडीचं पॉलिश घेताना डब्यावर वाचा, सिलिकॉन असेल तर नको, ते लाकडावर गेलं की पुढे लॅकरला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि माणूस स्प्रे गनला शिव्या घालत बसतो. पातळ थर, सुकू द्या, फडक्याने घासून काढा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि सफाईला ठीक आहे, त्याच्या भरवशावर पावसाळा काढू नका.

मेणापेक्षाही जास्त फरक रोजच्या वागण्याने पडतो. भुसा टेबलावर ठेवून झोपायचं नाही, भुसा हवेतलं पाणी ओढून धरतो आणि सकाळी त्याच्याखाली तांबूस ठसा तयार. ओलं लाकूड टेबलावर टेकवायचं नाही, त्यातही बाभूळ, खैर असलं टॅनिनवालं असेल तर लोखंडाशी मिळून लाकडावर निळेकाळे डाग आणि टेबलावर गंज, दोन्हीकडून नुकसान. घामाचे तळवे, चहाचा कप, दोन्ही वर्ज्य. झाकायला प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरते, पाऊस उघडून ऊन पडलं की खालून पाण्याचे थेंब. हवा खेळेल असं जाड सुती कापड टाका, तेही कोरडं. लांब गावाला जाणार असाल तर जाड मेण तसंच न पुसता ठेवा, किंवा रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल लावून वर व्हीसीआय पेपर (गंज रोखणारा कागद), परत आल्यावर रॉकेलने धुऊन काढायचं.

सॉबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम गंजत नाही हे तुमच्याकडे खरंच कामाचं, पण न रंगवलेलं असेल तर फिक्या लाकडावर करड्या रेघा ओढतं, मेण त्यालाही लावा. घेताना मायटर स्लॉट (टेबलातली, गेज आणि स्लेड सरकतात ती खाच) मोजा, १९ मिलीमीटर रुंद आणि साडेनऊ खोल हे सगळीकडे चालणारं माप आहे, काही छोट्या सॉना स्वतःचंच विचित्र माप असतं आणि मग बाजारातली एकही वस्तू त्यात बसत नाही. फेन्स लावून टोकाला ढकलून बघा हलते का. ब्लेडमागे रायव्हिंग नाइफ (काप मिटून लाकूड मागे उडू न देणारी पट्टी) हवाच.

प्लॅनर आणताना टेम्पोवाला आणि त्याची पोरं टेबलांना धरून उचलायला जातील, कारण धरायला तेच सोपं. नाही म्हणजे नाही. बेसखालून पट्टा, उभाच उचलायचा, उभाच बांधायचा, आडवा टाकायचा नाही, रबाळे-ऐरोली अंतर कितीही कमी असलं तरी एका खड्ड्यात पाय तडकतो. तुमचा तळमजला आहे म्हणून पुढची काळजी नाही. घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहून असले बेत करणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, सहा माणसांची लिफ्ट म्हणजे ४०८ किलो, आणि राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरून डिझाइन करतात, तेव्हा जड कॅबिनेट सॉचं स्वप्न बघण्याआधी ही दोन गणितं करा, शिवाय खालच्या मजल्यावरचे काका आहेतच.

रबाळ्याला जाताना मापांची वही न्या. प्रत्येक टेबलाचं साधं चित्र काढून लांबी, रुंदी, दोन कर्ण, आणि जोडीची तीन मापं, सगळं फिलरच्या आकड्यात लिहा. टेबल ‘चांगलं वाटतंय’ असं नुसतं कळवू नका, आकडे पाठवा, मग शिमने भागेल की ग्राइंडिंगला टाकायचं ते सांगतो. तोपर्यंत बयाणा द्यायचा असेल तर हजार-पाचशेच्या वर देऊ नका.